दुसरी सुई

एकोणीसशे बासष्ट, सर्वपित्री अमावस्येचा दुसरा दिवस. घरोघर घट बसले होते. दवाखान्यात हजर: डॉक्टर, त्यांचा कंपाउंडर, माझ्या सासूबाई, धाकटी जाऊ आणि मी. धाकटे दीर बाहेर बैलगाडीपाशी. गैरहजर एकच माणूस, जाऊचे वडील. त्या दिवशी तिथे खरी गरज त्यांचीच होती.

काहीही सांगायला घेतलं की आधी कोण होतं आणि कोण नव्हतं ते मी सांगून टाकते. पुढे वाद होत नाहीत. सासरी या सवयीला हसायचे. मी पनवेलची, सातवी पास, म्हणून सासूबाईंनी मला 'मास्तरीन' म्हणायला सुरुवात केली होती, आणि ते कौतुकानं नव्हतं.

आमचं गाव बेलापूरच्या अलीकडे, खाडीला लागून. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, मध्ये मातीचा बांध आणि बांधात एक लाकडी दार. भरती आली की पाण्याच्या दाबानं ते मिटायचं, ओहोटीला उघडून शेतातलं जादा पाणी सोडायचं. अमावस्येच्या उधाणानं त्या दाराशेजारीच बांध फोडला. दाण्यावर आलेल्या भातात खारं पाणी शिरलं की त्या वर्षीचं पीक जातंच, पुढची दोन-तीन वर्षं जमीनही रुसते. म्हणून बांध फुटला की आमच्याकडे सणवार पाहत नाहीत. घटात बी पेरून सगळ्या बायका चिखलाच्या पाट्या वाहायला बांधावर गेल्या. सासूबाईसुद्धा.

धाकटी जाऊ माझ्या पुढे होती. त्याच वैशाखात लग्न होऊन आलेली. कामाला चपळ, आणि पाटी डोक्यावर असतानाही गाणं म्हणणारी. मला 'बाय' म्हणायची. उतारावर तिचा पाय उखडलेल्या दाराच्या फळीवर पडला आणि गंजलेला खिळा तळव्यात खोलवर गेला. तिनं पाय ओढून काढला, चिंधी बांधली आणि पुन्हा पाटी उचलली. मी ती खाली ठेवायला लावली.

आदल्या वर्षी आमच्याच आळीत एक माणूस धनुर्वातानं गेला होता. मिठागरावर फावडं लागल्याचं निमित्त. दातखीळ बसलेल्या त्या नवऱ्याच्या दातांच्या फटीतून त्याची बायको पेज घालायचा प्रयत्न करत होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे सासूबाई हळद-चुना म्हणाल्या तेव्हा मी ऐकलं नाही. दवाखाना, आणि आत्ताच, असं मी दिरांना सांगितलं. सासूबाई तयार झाल्या, पण म्हणाल्या की सून त्यांची आहे, तेव्हा त्याही येणार.

डॉक्टरांनी जखम धुतली. त्या वेळी धनुर्वाताचं जे इंजेक्शन मिळायचं ते देण्याआधी डॉक्टर एक प्रश्न विचारत. तो त्यांनी जाऊला विचारला: हे इंजेक्शन पूर्वी कधी घेतलं आहे का?

उत्तर सासूबाईंनी दिलं. "नाय ओ डाक्टर. आमचे सुनेचे आंगाला सुई म्हायतच नाय. तिचे बापानं चार मान्सांत सांगलंय."

हे खरं होतं, म्हणजे चार माणसांत सांगितलं होतं एवढं खरं. सोयरीक जमवताना मीही तिथे होते. मुलगी पावणे गावाकडची. आमच्याकडच्या बायका मुलगी पाहताना चेहऱ्याआधी हात-पाय पाहतात, कारण चिखलात आणि मिठात तेच लागतात. सासूबाईंना तिच्या पायावर एक जुना व्रण दिसला होता. वडील लगेच म्हणाले, खाडीत कालवांचे शिंपले काढताना कापलं होतं. पोरीला कधी दवाखाना लागला नाही, अंगाला सुई माहीत नाही. आमच्या भागात ही मुलीची मोठी पत होती. सुई टोचलेली मुलगी म्हणजे काहीतरी दुखणं असलेली मुलगी, आणि दुखणं असलेली मुलगी म्हणजे परत पाठवायची मुलगी. सासूबाईंनी त्या एका वाक्यावर सोयरीक पक्की केली, आणि लग्नानंतर ते वाक्य गावभर सांगितलं.

डॉक्टरांनी तरीही नियम पाळला. आधी औषधाचा एक थेंब हाताच्या कातडीखाली टोचायचा, अर्धा तास थांबायचं, आणि काही उठलं नाही तर मग सगळं औषध द्यायचं. तो थेंब कंपाउंडरनं टोचला. कंपाउंडर बोलका होता. सासूबाईंची ऐट त्यानं ऐकली होती, तेव्हा सुई काढता काढता म्हणाला, "आता कळेलच. पूर्वी घेतलं असेल तर इथं गांधी उठते. कातडी खोटं बोलत नाही, आजी."

"उठू दे," सासूबाई म्हणाल्या. "माझे सुनेची नाय उठाची."

कंपाउंडर हसला. त्याच्या दृष्टीनं ती गंमत होती. पण त्या बाकावर बसलेल्या मुलीच्या दृष्टीनं आता हाताला काय होतं याला औषधाशी काही देणंघेणं उरलं नाही. तिचे वडील खरे की खोटे, हे तिच्या मनगटाच्या वर, सासूच्या डोळ्यांदेखत ठरणार होतं.

त्या अर्ध्या तासात मी तिथे नव्हते. मला डॉक्टरांनी पाणी उकळायला मागच्या पडवीत पाठवलं होतं, कारण आत एक आकडी आलेलं मूल आणलं होतं आणि त्यांचे हात त्यातच अडकले होते. पुढचं मला जाऊनं सावरताना तुटक तुटक सांगितलं, बाकीचं कंपाउंडरनं. खाज सुटली. मग गांधी उठली, मोठी, लाल, कडेनं पाय फुटल्यासारखी. तिनं हिरव्या बांगड्या वर सारल्या, त्यावर पदर ओढला आणि हात पोटाशी धरून बसली. वेळ झाल्यावर कंपाउंडरनं लांबूनच विचारलं, काही उठलं का? ती म्हणाली, काय नाय. तो एक पाऊल पुढे आला, तर सासूबाई म्हणाल्या, सांगते ना ती. नव्या सुनेचा पदर सासूसमोर परक्या पुरुषानं बाजूला करायचा नाही, हे कंपाउंडरलाही कळत होतं. त्यानं आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, काही नाही. डॉक्टर मुलापासून उठून आले, सगळं औषध दिलं आणि परत गेले.

मी पाण्याचं भांडं घेऊन आले तेव्हा ती तळहात बाकावर घासत होती. "बाय, हाताला मुंग्या चावतात," म्हणाली. मग तिचा आवाज बसला. ओठ सुजले, डोळ्यांच्या फटी झाल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि ती बाकावरून खाली आली. मी भांडं टाकलं आणि डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी अशा वेळेच्या औषधाची दुसरी सुई भरली, तिच्या दंडात खुपसली, मला तिचे पाय वर धरायला लावले. नाडीवर बोट ठेवून ते ठोके मोजत राहिले. त्यांनी पुन्हा एकदा सुई भरली. मग हळूहळू शिट्टी कमी झाली.

तेव्हा त्यांनी पदर बाजूला केला आणि हात पाहिला.

त्यांनी विचारायच्या आधीच ती बोलली. सुजलेल्या ओठांनी, छताकडे बघत. "ल्हान होते तवा घेतलेलं. ठान्याला. बा बोलला, सांगू नको."

मरायच्या भीतीनं ती खरं बोलली, आणि ते खरं ऐकायला सासूबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्या बाहेर जाऊन गाडीत बसल्या.

डॉक्टरांनी मला पडवीत बोलावलं. मी त्यांना विचारलं, औषध खराब होतं का? ते म्हणाले, औषध चांगलं होतं. मग त्यांनी समजावलं, आणि मी प्रश्न विचारत राहिले म्हणून नीट समजावलं. हे औषध घोड्यापासून काढतात. घोड्याला धनुर्वाताचं विष अगदी थोडं थोडं टोचतात, त्याच्या रक्तात विषाचा उतारा तयार होतो, मग रक्त काढून, ते गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी बाटलीत भरतात. त्या पाण्यात उतारा असतो, पण घोडाही असतो. माणसाच्या शरीराला आपलं काय आणि परकं काय हे कळतं. पहिल्यांदा परकं आत आलं की ते ओळखायला त्याला आठवडाभर लागतो. तोवर औषधानं आपलं काम केलेलं असतं. पण एकदा ओळख पटली की शरीर ती विसरत नाही. वर्षांनी तेच परत आलं की ते वाट पाहत नाही, त्याच घटकेला उठतं.

"पण हे तर तिला वाचवायला दिलेलं," मी म्हटलं.

"शरीर तसं विचारत नाही, बाई," ते म्हणाले. "हितासाठी आलंय का घातासाठी, हे त्याला कळत नाही. आपलं नाही एवढंच कळतं. मग ते इतक्या जोरानं हाकलायला जातं की त्यात स्वतःच मरतं."

मग त्यांनी काम सांगितलं. हिला पुन्हा कधीही हे औषध द्यायचं नाही. तिसरी वेळ दुसरीपेक्षा वाईट असेल. ती आता थरथरते आहे, तिच्या डोक्यात काही शिरणार नाही. उद्या घरी आली की तुम्ही तिला सांगा, घरच्यांना सांगा, ती जिथे जाईल तिथे हे वाक्य तिच्यासोबत जायला हवं. तुम्ही शिकलेल्या आहात. मी हो म्हटलं.

त्यांनी तिला उद्यापर्यंत ठेवून घेतलं. धाकटे दीर तिथे राहिले. मला सासूबाईंबरोबर परतावं लागलं, कारण घटापुढचा नंदादीप विझता कामा नये, यजमान बांधावर होते आणि घरात दुसरं कोणी मोठं नव्हतं. निघण्यापूर्वी मी दिरांनाही डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते प्रत्येक गोष्टीला मान हलवत.

घरी आल्यावर सासूबाई हातपाय धुऊन घटापुढे बसल्या आणि मग बोलल्या. "देवी बसली त्याच दिसाला खोटं आंगावर उलटलं. आजून काय सांगाचं ऱ्हायलं?"

मी सांगितलं की ते औषध घोड्याच्या रक्ताचं होतं. तिच्या अंगानं घोडा ओळखला, खोटेपणा नाही. खरं सांगूनही ते टोचलं असतं तरी हेच झालं असतं, फक्त खरं कळल्यावर डॉक्टरांनी ते दिलंच नसतं.

"बरा," त्या म्हणाल्या. "तिचे आंगाला घोडा वलखता आला, न आमाला सून वलखता आली नाय. झालं, मास्तरीन?"

आरतीला जमलेल्या शेजारच्या बायका हसल्या. दुसऱ्या दिवशीपर्यंत गावात एकच गोष्ट पसरली: सुईनं खोटं पकडलं. घोडा त्या गोष्टीत कुठेच नव्हता. आजही आमच्या जुन्या माणसांना विचारलं तर तेच सांगतील, आणि सांगताना सुईला हात जोडतील.

जाऊ घरी आलीच नाही. सासूबाईंनी सकाळीच निरोप पाठवला आणि दीर तिला दवाखान्यातून परस्पर पावण्याला, वडिलांच्या दारात सोडून आले. तिची पेटी मागाहून गेली. मी दिरांना विचारलं, डॉक्टरांचं सांगितलंत का? ते म्हणाले, ती रडत होती, मी काय बोलणार? वाटेत मात्र त्यांनी तिला एक सांगितलं होतं. आई म्हणते, खोटं बोललीस म्हणून देवीनं हे केलं. तेवढं त्यांना बोलता आलं.

मी डोकं थंड ठेवून विचार केला. तिला काय ठाऊक आहे? एवढंच, की ती खोटं बोलली आणि सुई उलटली. म्हणजे खोटं नसेल तर सुई उलटणार नाही. हे तिच्या मनात राहिलं तर पुढच्या वेळी ती निर्धास्त हात पुढे करेल.

दसरा झाला तशी मी पावण्याला गेले. एकटीच, यजमानांनी जाऊ दिलं, बरोबर आले नाहीत. गावाच्या वेशीवर पाणी भरणाऱ्या एका म्हातारीला घर विचारलं, तर तिनं घर दाखवता दाखवता बाकीचंही सांगितलं. पोर लहान असताना होडीचा खिळा लागला होता, ठाण्याला नेली होती. पाय बरा झाला, पण आठवड्यानं अंगभर गांधी उठल्या, सांधे सुजले. गावात कोणी म्हणालं, रक्तपिती. मग बापानं महिनाभर तिला घराबाहेर काढली नाही आणि त्यानंतर ठाण्याचं नावच घेतलं नाही. मी पुढे डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हीच ती पहिली ओळख. त्या गांधी म्हणजे तिचं शरीर घोडा ओळखायला शिकत होतं. कोणी डॉक्टरला दाखवल्या असत्या तर त्यानं तेव्हाच सांगितलं असतं.

वडील अंगणात जाळं विणत बसले होते. दोन चुलते होते. मी बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, न्यायला आलात का? मी खरं ते सांगितलं. न्यायला नाही, सांगायला आले आहे. मग डॉक्टरांचं सगळं म्हणणं सांगितलं.

त्यांचे हात जाळ्यावरून हलले नाहीत. "आमचे पोरीला काय झालंच नाय," ते म्हणाले. "ल्हानपनी पन नाय, आता पन नाय. नांदवाची नाय तर सरल बोला. घोडा कशाला मधी आनता?"

चुलते हसले. एक म्हणाला, बेलापूरवाल्यांना बैल पुरत नाहीत, आता घोडे जुंपायला लागले. मी तिला भेटायला मागितलं. ती घरात नाही म्हणाले. आत कोणीतरी कांडत होतं, मुसळाचा आवाज येत होता. मी उभी राहिले आणि मुसळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले, "पुन्हा कधी धनुर्वाताची सुई घेऊ नकोस. खरं बोललीस तरी घेऊ नकोस. ती घोड्याची आहे."

आवाज थांबला नाही, कमीही झाला नाही. ती आत होती का, तिनं ऐकलं का, कांडणारी दुसरीच कोणी होती का, मला माहीत नाही. वडील उठले आणि मीही निघाले.

या माणसाचा मला राग आहे आणि तो कमी झालेला नाही. मुलीला वाचवायला जे वाक्य लागत होतं ते त्याच्याजवळ होतं. ते मान्य करायचं तर ठाणं मान्य करायला हवं होतं, आणि मुलीच्या जिवापेक्षा त्याला तेच जड गेलं. सासूबाईंचाही राग आहे. डॉक्टरांचं पडवीतलं वाक्य मी पुष्कळदा घोळवलं आहे. परकं आणि घातक यांतला फरक शरीराला कळत नाही, हे मी समजू शकते. शरीराला शाळा नाही, देव नाही, शेजार नाही. माणसांना ते सगळं होतं. तरी आमच्या घरानं वैशाखात आलेली मुलगी आश्विनात तितक्याच जोरानं बाहेर टाकली, आणि आम्ही चांगले राहिलो. बांध बांधला गेला, भात निम्मं हाती लागलं, पुढच्या वर्षी दिरांचं दुसरं लग्न झालं.

मी नंतर आणखी दोन वेळा पावण्याला गेले. पहिल्या खेपेला दार उघडलं नाही. दुसऱ्या खेपेला दारच नव्हतं. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या होत्या. अंगण होतं तिथे तारेचं कुंपण आणि आत खडीचे ढीग. वडील मुलीला घेऊन कुठल्या नातलगाकडे गेले ते कोणाला नीट सांगता येईना. मासे विकायला येणाऱ्या बाईकडून कळलं की मुलीचा पाट लावून दिला, खाडीपलीकडे, अलिबागच्या बाजूला, एका बिजवराशी. मी विचारलं, सोयरीक कशी जमली? ती म्हणाली, कशी म्हणजे, चांगली जमली. बापानं सांगितलं, पोर निरोगी आहे, अंगाला कधी सुई लागली नाही.

काही वर्षांनी धनुर्वाताची नवी लस आली. तिच्यात घोडा नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि मला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही. त्याच पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्याला लावणीत फुरसं चावलं. त्याला सापाच्या विषावरचं औषध दिलं आणि तो वाचला. मी सवयीनं डॉक्टरांना विचारलं, हे कशापासून काढतात? घोड्यापासूनच, ते म्हणाले. मग मी त्या मुलीचं विचारलं. त्यांना ती आठवत होती. साप चावला तर द्यावंच लागेल, म्हणाले, पण डॉक्टरला आधी माहीत हवं, तिला तेव्हा दिली ती दुसरी सुई भरून हातात धरून मगच द्यायचं. न सांगता दिलं तर साप राहील बाजूला.

अलिबागकडे भातशेती आहे. भातशेतीत फुरशी असतात. त्या बाजूची कोणतीही बाई लग्नकार्यात भेटली की मी वर्णन सांगते: रंगानं सावळी, काम करताना गाणं म्हणणारी, पायावर दोन व्रण, माहेर पावण्याकडचं होतं. आतापर्यंत तीन गावांची नावं मिळाली. दोन गावांना मी जाऊन आले, तिथे ती नव्हती. तिसरं रेवसच्या पुढे आहे. लाँचनं जायचं, पुढे एसटी, पुढे चालत. पहिल्या खेपेला भरती-ओहोटीनं लाँच सुटली नाही, मग घरातली आजारपणं निघाली, मग सासूबाईंचं शेवटचं वर्ष. त्यांची सगळी सेवा मीच केली.

त्या गावात ती असेल तर तिला, नसेल तर तिच्या नवऱ्याला, तोही नसेल तर मुलांपैकी कोणाला तरी सांगायचं आहे. पावसाळा यायच्या आधी जायला हवं. अजून गेलेले नाही.